मागून उठंल त्यानं वाकळ आवरावी

त्या दुपारी

हळद शिजवून झाली होती अन् अंगणभर वाळत पडली होती. आम्ही दोघं नवरा-बायको तिच्यात फतकल मारून बसलो होतो. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं. बायकोचं नाव सुंदर. दिसायला होती का नव्हती ते मी सांगणार नाही, असलं बोललेलं तिला खपत नसे.

ती म्हणाली, "ध्यान कुठं हाय तुमचं? गड्डा हळकुंडात टाकून राहिले."

मी म्हणालो, "तुझं ध्यान माझ्या हाताकडं काहून? तुझं तू बघ."

"तुमच्या हाताकडं बघत बघतच म्हातारी झाले. आता कुठं बघू?"

असंच बोलायचो आम्ही. गोड बोलणं आम्हा दोघांनाही जमलं नाही.

ऊन चढलं तशी ती म्हणाली, "चला, जरा टेकू." लिंबाखाली वाकळ टाकली. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, तिनंच शिवलेली. पडता पडता म्हणाली, "उन्हं त्या कुडाच्या भिंतीला गेली की उठवा मला." मी व्हय म्हणालो. दोघंही निजलो.

उन्हं कुडाला गेली तेव्हा मला जाग आली. मी तिला उठवलं. ती उठली नाही.

एवढंच झालं. डॉक्टर आले, म्हणाले हृदय थांबलं, झोपेतच गेल्या, काही तकलीफ झाली नाही. मग जो येईल तो मला तेच सांगायला लागला. किती चांगलं मरण! मला काही ते चांगलं वाटलं नाही. एका वाकळेवर दोन माणसं निजली. एक परत आलं, एक आलं नाही. ही काय जागा आहे, जिथं आपण लहानपणापासून रोज जातो अन् कोणत्या दिवशी परत सोडतील याचा भरवसा नाही? हा सवाल त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला तो बाहेर निघेना.

अजून एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्या घरात तिनं घातलेला एक नेम होता. मागून उठंल त्यानं वाकळ आवरावी. मी पहाटे उठणारा माणूस, त्यामुळे उभ्या जन्मात वाकळेला हात लावायची पाळी माझ्यावर आली नव्हती. ती म्हणायची, "एक दिवस मागून उठसाल, तवा बघते तुमची घडी." त्या दुपारीही मीच आधी उठलो. आवरायची पाळी तिची होती. वाकळ तशीच लिंबाखाली पडून राहिली. शेवटी आमच्या सुनेनं, एस्तेरनं, ती उचलली अन् पेटीत ठेवली.

मी काहून लिहून राहिलो

मी चौथी शिकलो. अक्षर वाकडं आहे पण वाचता येतं. आमचं गाव वसमतजवळ, हट्ट्याकडच्या अंगाला, तिथं आम्हा ख्रिस्ती लोकांची थोडी घरं आहेत अन् पत्र्याचं एक छोटं मंदिर आहे. तिथले आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले, "योनाकाका, तुमच्यावर जे गेलं ते लिहा. असे खूपजण असतात, बोलत नाहीत." म्हणून लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घ सुनेनं बघितलं. बाकी माझं आहे. कुणाला राग आला तर माझ्यावर धरावा.

आधी खरं सांगतो, कारण ते दवाखान्यात सांगितलं नव्हतं. मला झोप येत नव्हती असं नाही. मी तिला येऊ देत नव्हतो.

सुंदरला माती दिली तेव्हा पाळक म्हणाले, आपली बहीण प्रभूत झोपी गेली. आमच्यात असंच म्हणतात, मीही दुसऱ्यांच्या वेळी म्हणालो होतो. त्या दिवशी मात्र माझ्या अंगावर काटा आला. त्या रात्री खाटेवर पडलो, डोळा लागायला लागला अन् छातीत धस्स झालं. उठून बसलो. तेव्हापासून पाठ टेकायची नाही असं ठरवलं.

जागं राहायची विद्या मला जुनी होती. तरणे असताना आम्ही दोघं दुसऱ्यांच्या भुईमुगावर जागलीला जायचो. रानडुकरं येतात, एका रात्रीत वावर उकरून टाकतात. वावरात चार लाकडांवर माळा बांधलेला असायचा. पिकात मध्ये मध्ये पत्र्याचे डबे टांगायचे, सगळ्यांना मिळून एक दोरी बांधायची अन् तिचं टोक माळ्यावर. दोरी ओढली की डबे खडखडतात, डुक्कर पळतं. आम्ही पाळ्या लावायचो. ज्याची पाळी त्याच्या पायाच्या अंगठ्याला दोरी. डुलकी आली तरी अंगठा हलत राहायला पाहिजे. दुसऱ्यानं निजायचं. सुंदर दोरी घेताना म्हणायची, "निजा आता. मी हाय." अन् मी दगडासारखा निजायचो. डुकरं, साप, विंचू, कशाचं भ्या वाटायचं नाही. ती आहे ना!

आता ती नव्हती. सगळ्या रात्रीची पाळी माझी एकट्याची झाली. हातात पितळी तांब्या धरून बसायचो, खाली ताट. डुलकी आली की तांब्या ताटात पडायचा अन् सगळं घर दचकून उठायचं. सुकी मिरची दाताखाली धरायची. अंगणात येरझाऱ्या घालायच्या. मला वाटायचं मी माझ्या जिवाशी खेळतोय, त्यात दुसऱ्याचं काय जातं?

रोगाचं नाव

असे किती दिवस गेले ते मोजले नाहीत. आधी हात थरथरायला लागले. मग मिरचीची चव लागेना. भिंतीवरून मुंग्या चाललेल्या दिसायच्या अन् हात लावला की भिंत कोरी. मी पोरावर ओरडायचो, काहून ओरडलो ते ओरडता ओरडता विसरायचो. एका सकाळी गोठ्यातून शेणाचं टोपलं उचललं अन् पुढचं मला ठाऊक नाही. तोंडावर पडलो होतो. आमच्या पोरानं, शमुवेलनं, मला त्याच्या टेम्पोत घातलं अन् तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तो हळदीची पोती बाजारात नेतो, त्या टेम्पोत पोत्यासारखा मी पडलो होतो.

रक्त काढलं, छातीला वायरी लावल्या, डोक्याचा फोटो काढला. मी मनात तयारी करून होतो. काहीतरी मोठं निघणार, गाठ नाहीतर हृदय. निघालं तर बरंच, लवकर सुटका.

डॉक्टर पोरगाच होता. म्हणाला, "आजोबा, बीपी फार चढलंय. बाकी काही मोठं नाही. झोप किती वेळ लागते?"

मी म्हणालो, "लागत न्हाई."

"किती दिवसांपासून?"

शमू मधेच म्हणाला, "आई गेल्यापासून."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "मग हाच तुमचा आजार. असंच चाललं तर लकवा येईल, नाहीतर एक दिवस असेच पडाल अन् उठणार नाही. शरीराला झोप लागतेच. जेवण टाळून थोडे दिवस निघतात, झोप टाळून नाही."

मला रागच आला. हा काय रोग झाला? गावात जाऊन काय सांगू, म्हातारा झोप येत नाही म्हणून दवाखान्यात पडला? लेकरू रडतं झोपेसाठी, म्हातारा माणूस नाही. शमूला म्हणालो, "लोकाला सांग, हृदयाचं हाय."

शमू म्हणाला, "बाबा, खोटं तरी कुठं हाय ते?"

 ते वाक्य दवाखान्यात अन् नंतरही माझ्याबरोबर राहिलं.

खाट अन् दोरी

मला ठेवून घेतलं. दवाखान्याचं एक गाडं असतं, ते आपल्यासाठी थांबत नाही. सकाळी झाडू, मग चहा, मग सिस्टर, मग गोळ्या, मग डॉक्टर चपला वाजवत येणार अन् वाजवत जाणार. एका गोष्टीचं मला नवल वाटलं. इतकी तकलीफ असलेली माणसं दुपारी जेवण झालं की सगळी निजतात. ज्याचा पाय मोडला तो निजतो. ज्याला दम लागतो तो बसल्या बसल्या निजतो. मी एकटा डोळे उघडे ठेवून सगळ्यांची छाती हलते का बघत बसायचो. सगळी हलायची. सगळे परत यायचे. मी नवल करायचो, हे कोणाच्या जोरावर जातात?

सिस्टर सुई लावायला आली तेव्हा विचारलं, "सिस्टर, माणूस निजल्यावर कुठं जातं?"

ती म्हणाली, "आजोबा, दोन पाळ्या सलग करून राहिले मी. ठिकाण सापडलं तर आधी मलाच पाठवा."

झोपेची गोळी द्यायचे. मी जिभेखाली धरायचो अन् सिस्टर वळली की उशीच्या खोळीत थुंकायचो. हे वाचणाऱ्यानं असलं करू नये. मी केलं म्हणून माझा आजार लांबला.

माझ्याजवळ एस्तेर बसायची. लग्नाआधी ती रविवारी पोरांना संडेस्कूल शिकवायची, शास्त्रातल्या म्हणजे बायबलातल्या सगळ्या गोष्टी तिला पाठ. वेळ जावा म्हणून मी तिला विचारत राहायचो. म्हणालो, "याकोब दगड उशाला घेऊन निजला, त्याला सपान पडलं. शास्त्रातला तो लहानगा शमुवेल मंदिरात निजला होता, त्याला देवानं हाक मारली. देव माणसाशी झोपेतच काहून बोलतो? दिवसा काय काम हाय त्याला?"

एस्तेर म्हणाली, "मामा, दिवसा आपण त्याला बोलू देतो व्हय?"

मला हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही. पण ते मी डोक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलाईन चालू होतं. पंखा घरघरत होता. एस्तेर खाटेखाली सतरंजीवर बसली होती, तिची मान एका बाजूला गेली होती. मी तिच्याकडं बघत होतो. मग काय झालं माहीत नाही, मी माळ्यावर होतो. भुईमुगाचा वास. खालून खसखस झाली. डुक्कर! मी दोरी धरली अन् जीव खाऊन ओढली.

डबे वाजले नाहीत. एस्तेर किंचाळली. हाताला सुईचं भोक, चादर रक्तानं भरलेली, सलाईनची बाटली स्टँडसकट माझ्या अंगावर. सिस्टर धावत आली. "आजोबा! काय करून राहिले? नळी काहून ओढली?"

मी अजून अर्धा माळ्यावरच होतो. म्हणालो, "डुक्कर आलं."

पाय मोडलेला शेजारी ओरडला, "कुठं हाय? इकडं आलं का?" अन् असा हसायला लागला की त्याचा प्लास्टरचा पाय हलायला लागला. मग सगळी खोली हसली. सिस्टर रागानं पट्टी बांधत होती, तिचंही तोंड वाकडं झालं. अन् मीही हसलो. सुंदर गेल्यावर पहिल्यांदा. हसता हसता रडायला कधी लागलो ते मला कळलं नाही, कारण माळ्यावर ती माझ्या शेजारी निजलेली होती. मी दोरी ओढली ती तिच्यासाठी.

रडणं थांबल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात आली. मी झोपलो होतो. अन् परत आलो होतो.

उशी कोणी दिली

पाळक भेटायला आले ते त्याच संध्याकाळी. डुकराची गोष्ट दारातच कोणीतरी सांगितली होती, चेहऱ्यावरून कळत होतं. चांगलं तरुण पोरगं आहे, नांदेडकडचं. खाटेच्या कडेला बसले.

"काका, नाव योना अन् झोप नाही? शास्त्रातला योना तर तुफानात जहाजाच्या तळाला निजला होता."

मी म्हणालो, "तो देवापासून पळून चालला व्हता. त्याला काय घोर? मला सांगा, देवानं जग घडवलं अन् सातव्या दिवशी विसावा घेतला. थकला व्हता का?"

"थकला नव्हता. काम झालं, चांगलं झालं म्हणाला अन् बसला."

"बरं. अन् आदामाला गाढ झोप घातली, तवा त्याची बायको त्याला मिळाली. खरं का न्हाई?"

"खरं."

"आदाम निजला तवा त्याची बायको आली. मी निजलो तवा माझी गेली. हे कसं काय?"

पाळकांनी उत्तर दिलं नाही. मला ते आवडलं. दुसरा कोणी असता तर लगेच काहीतरी बोलला असता. थोड्या वेळानं ते म्हणाले, "प्रभू येशूही नावेत निजला होता. वादळ चालू, नावेत पाणी येतंय, शिष्य ओरडताहेत अन् तो उशीवर डोकं ठेवून निजलेला. माणसाचा देह घेतला म्हणजे झोपही घेतली, काका. तोही थकायचा. त्याला झोप कमीपणाची वाटली नाही."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या दिवशी एकच गोष्ट मला खटकली. "उशी? कोळ्याच्या नावेत उशी कुठून आली? कुणी दिली त्याला?"

पाळक हसले. "लिहिलेलं नाही."

"कुणीतरी दिली असंल. थकलेला बघितला अन् डोक्याखाली सारली असंल. बाईमाणूसच असणार, न्हाई तर बाईमाणसाच्या हाताखालचा कुणी."

"असेल."

"पाळकसाहेब, एक अजून. जागलीवर एक निजला की दुसऱ्याच्या अंगठ्याला दोरी असते. त्या दुपारी आमी दोघंही निजलो. दोरी कुणाकडं व्हती?"

त्यांनी माझा पट्टी बांधलेला हात धरला. "मला माहीत नाही असं मी म्हणणार नाही अन् माहीत आहे असंही म्हणवत नाही. पण सुंदरकाकू कोणाच्या हातातून निसटल्या असं मला वाटत नाही. जो कधी झोपत नाही त्याची पाळी होती ती."

मी तोंड फिरवलं. मला देवाचा राग होता, अजून थोडा आहे. पण ते प्रार्थनेला लागले तेव्हा मी हात सोडवून घेतला नाही.

घर जागं होतं

बीपी उतरलं, घरी सोडलं. गोळ्या बरोबर दिल्या. घरी आल्यावर मी पुन्हा तांब्या घेऊन बसलो. दवाखान्यातली डुलकी मला हिशोबात धरायची नव्हती. एकदा डुकरानं परत आणलं, दरवेळी डुक्कर कुठून येणार?

तेव्हा हळदीचा हंगाम सरत आला होता, शमूच्या खेपा चालू होत्या. एका सकाळी तो वसमतकडून रिकामा टेम्पो घेऊन येत होता अन् सरळ रस्त्यावर टेम्पो खड्ड्यात गेला. समोर कोणी नाही, काही नाही. डोळा लागला होता. गाल खरचटला, काच फुटली. देवाची कृपा म्हणून तेवढ्यावर भागलं. तो घरी आला, अंगण ओलांडलं अन् माझ्याकडं न बघता आत गेला.

एस्तेर बाहेर आली. ही पोरगी कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

"मामा, तुमाला काय वाटतं, तुमी एकलेच जागे राहता? तुमचा तांब्या पडला की ते उठून बघतात, बाबा पडले का. तांब्या पडला न्हाई तरी उठतात, काहून पडला न्हाई म्हणून. पहाटं गाडी घेऊन जातात. आज खड्डा व्हता. उद्या समोरून ट्रक येईल. एक माणूस गेलं आमचं. तुमाला अजून किती पायजेत?"

मी म्हणालो, "मी त्याला जागं राहा म्हणलो का?"

"म्हणायला कशाला पायजे?" अन् ती आत गेली.

मी अंगणातच उभा राहिलो. मला वाटत होतं मी एकट्याच्या जिवाची राखण करतोय. अन् इथं माझ्या भ्यानं सगळं घर जागं होतं.

बिरूची मेंढरं

त्याच दिवशी बिरू धनगरानं आमच्या वावरात मेंढरं बसवायची होती. हळद निघाली की वावर रिकामं असतं. मेंढरं रात्री तिथं बसली की लेंड्या-मुतानं जमीन खतावते. बिरू माझ्या वयाचा, आमची लहानपणापासूनची ओळख. मी दिवस मावळायच्या आधी वावरात गेलो. घरात बसवत नव्हतं.

मेंढरं वाघरात घातली होती, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात. बिरू घोंगडं टाकून बसला होता. मी कुंपणाच्या कडेनं काठी घेऊन फिरायला लागलो. इकडून तिकडं, तिकडून इकडं. मेंढरं सगळी उभी. एक बसेना.

बिरू म्हणाला, "योनाबा, बसा की खाली."

"मी कशाला बसू? तुझी मेंढरं बसंनात, ते बघ आधी. वावर खतवायला आणली का उभी करायला?"

"ती तुमच्यापायीच उभी हायत. तुमी फिरून राहिले. मेंढराला वाटतं, माणूस उभा हाय म्हंजी अजून निघायचं हाय. आधी तुमी बसा."

मला खरं वाटेना. बघू तर, म्हणून त्याच्या घोंगड्यावर बसलो. काठी खाली ठेवली.

थोडा वेळ काही झालं नाही. मग कडेच्या एका म्हाताऱ्या मेंढीनं पुढचे पाय दुमडले, मागून अंग टाकलं, अन् एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला माझ्या बायकोची आठवण आली. तिच्या शेजारची बसली. मग तिच्या पलीकडची. कळपावरून कोणीतरी हात फिरवत गेल्यासारखं सगळा कळप खाली गेला. शेवटी एक कोकरू उरलं, ते आईला ढुसण्या देत होतं, मग तेही पडलं.

मी उठून उभा राहिलो. मुद्दाम. तीन-चार माना लगेच वर झाल्या. परत बसलो. माना खाली.

बिरू म्हणाला, "काय खेळ लावला?"

मी म्हणालो, "शिकून राहिलो. बिरू, तू निजल्यावर लांडगा आला तर?"

"कुत्रं हाय."

"कुत्र्याला कळलं न्हाई तर?"

"मेंढरं उठतील. मेंढरांना न्हाई कळलं तर आमचा बिरोबा हाय, तुमचा येसू हाय, ते बघतील आपसात कुणाची पाळी. सगळं मी एकलाच राखीन म्हणलो तर मेंढरांच्या आधी मीच मरंन. आन् मग त्यांनला कोण राखंल?"

मला नावेतली उशी आठवली. तो निजला ते शिष्यांनीही निजावं म्हणून तर नाही? आपण त्या गोष्टीत वादळच ऐकतो. त्यातला मेंढपाळ, म्हणजे येशू, आडवा झाला होता, ते कोणी ऐकत नाही. शिष्यांचा कळप उभा होता तो त्याच्यापायी नव्हे, आपल्याच भ्यापायी.

अन् माझ्या घरातला कळप? शमूचा खरचटलेला गाल डोळ्यांपुढं आला.

मी काठी उचलली नाही, तिथंच ठेवली. बिरूला म्हणालो, "सकाळी नेतो," अन् हळूहळू निघालो, मेंढरं उठू नयेत म्हणून.

पाळी

दिवेलागणीला घरी आलो. भाकर खाल्ली. गोळी घेतली, ती गिळली. देवावर भरवसा अन् डॉक्टरची गोळी, दोन्ही एकदम चालतं. कोणी तुम्हाला दुसरं सांगितलं तर ऐकू नका.

एस्तेरला म्हणालो, "पेटीतली वाकळ दे."

ती थबकली. शमू गालाला हळद लावून बसला होता, त्यानंही वर बघितलं.  एस्तेरनं वाकळ आणून दिली. कडेला पिवळे डाग होते, सुंदरच्या हाताचे, नाहीतर माझ्या. वास हळदीचा.

मी ती ओसरीवर टाकली अन् तिच्यावर आडवा झालो. शमूला म्हणालो, "तूही नीज. तांब्या आज पडणार न्हाई." तो उठला, तांब्या घेतला, आत नेऊन ठेवला.

मग मी प्रार्थना केली. मला लांब प्रार्थना येत नाही. म्हणालो, देवा, माझा तुझ्यावर राग आहे, तो आपण मागून बघू. ती तुझ्याकडं आहे असं म्हणतात, तर तिला नीट ठेव, तिला कडक चहा लागतो. आता मी थकलो. जागल तुझी.

छातीत धस्स झालं. सवयीनं अंगठा हलवून बघितला, दोरी नव्हती. परत धस्स झालं, पण थोडं लांबून. मग कोणी म्हणालं का मलाच आठवलं, सांगता येत नाही. निजा आता. मी हाय.

सकाळ

जाग आली तेव्हा उन्हं चुलीपर्यंत आली होती. एवढं ऊन मी अंथरुणातून कधी बघितलं नव्हतं. मला आधी कळेचना की हे काय. एस्तेर भाकरी थापत होती. शमूची खाट रिकामी.

मी म्हणालो, "शमू?"

"कवाच गेले. चांगले निजले, मग गेले. जाताना तुमच्या नाकापुढं हात धरून बघून गेले."

"मग?"

"मी म्हणलं, हात कशाला धरता, घोरून राहिले ते, पलीकडच्या घरात ऐकू जाऊन राहिलं."

ती हसली. मी उठून बसलो. अंग जड होतं, पण हात थरथरत नव्हते. भिंतीकडं बघितलं, मुंग्या नव्हत्या. झोपेत मी कुठं गेलो होतो ते मला आजही ठाऊक नाही. सुंदर दिसली का म्हणून पाळकांनी मागून विचारलं. नाही दिसली. काहीच दिसलं नाही. खोल विहिरीतल्या पाण्यासारखं गार अन् अंधारं होतं, अन् त्यात मला भ्या वाटलं नाही, एवढंच सांगू शकतो.

एस्तेर हात धुऊन ओसरीवर आली अन् वाकळेला हात घातला. "उठा मामा, आवरते मी."

मी म्हणालो, "ठेव."

"काहून?"

"मागून कोण उठलं?"

तिनं हात काढून घेतला अन् बाजूला उभी राहिली. तो नेम तिलाही माहीत होता, या घरात तिनंही तो पाळला होता.

वाकळ जड असते. लुगड्यावर लुगडं, धाग्यावर धागा. मी दोन टोकं धरली, समोरची दोन कोण धरणार हे ध्यानातच नव्हतं. जमिनीवर पसरून दुमडली तर एक कोपरा बाहेर आला. उकलली. पुन्हा दुमडली, तर दुसरा आला. एस्तेर बघत होती, तोंडाला पदर लावून. सुंदर असती तर पदर लावला नसता, मोकळी हसली असती. तिसऱ्यांदा मी गुडघा टेकला, कोपरा हातानं आत सारला, वरून दाबला अन् वाकळ उचलून उतरंडीच्या कडेला, जिथं ती ठेवायची तिथं, नेऊन ठेवली. घडी वाकडी होती. तशीच राहू दिली. मग काठी आणायला वावरात गेलो.